न पोंचलेलें पत्र

१७ फेब्रुवारी २०१५ रोजीं लंडनच्या बेथ्नल ग्रीन भागांतील तीन शाळकरी मुली, दोघी पंधरा व एक सोळा वर्षांची, घर सोडून विमानानें इस्तंबूलला गेल्या आणि तेथून सीरियांत ‘इस्लामिक स्टेट’च्या मुलखांत शिरल्या. त्यांच्याच शाळेंतील एक मुलगी डिसेंबर २०१४ मध्यें तिकडे गेली होती. तिच्याविषयीं चौकशी करण्यासाठीं पोलिसांनीं पालकांच्या नांवें पत्रें लिहिलीं. परंतु तीं दिलीं मुलींच्याच हातीं! मुलींनीं तीं दडवून ठेविलीं. आईबापांना तीं सांपडलीं तेव्हां पांखरें उडून गेलीं होतीं.

कोवळ्या वयांत मन ध्येयासाठीं आसुसलेलें असतें. भरती करणारा नेमकें तेंच हेरतो. तो भक्ति, भगिनीभाव व मानाचा संसार यांचें चित्र रंगवितो, मरणाचें नाहीं. या तिघींपैकीं एक २०१९ मध्यें निर्वासितांच्या छावणींत आढळली. तिचीं तिन्ही अपत्यें दगावलीं. ब्रिटननें तिचें नागरिकत्व काढून घेतलें. फेब्रुवारी २०२४ मध्यें अपील न्यायालयानेंही तो निर्णय कायम केला.

कायद्याचें काम कायदा करील. परंतु पोरीच्या मनांतील पोकळी आईबापांआधीं परक्यास दिसावी, यापरतें घराचें दुर्दैव कोणतें?