वैनगंगेकाठचा एक विसरलेला राजा

पाचव्या शतकातील एखाद्या राजाचे चरित्र सांगावयास बसले, की साधनांची अडचण प्रथम उभी राहते. बखरी पुष्कळ नंतरच्या. पुराणांनी राजांच्या नावांच्या याद्या दिल्या, पण माणसे दिली नाहीत. अशा वेळी इतिहासकाराचा सारा भरवसा असतो तो तांब्याच्या पत्र्यांवर. आज ज्या राजाविषयी मी बोलणार आहे, तो वाकाटक वंशातील दुसरा पृथ्वीषेण. त्याच्या कुळाची हकिकत ज्या ताम्रपटाने सांगितली, तो बालाघाट जिल्ह्यात सापडला. डॉ. कीलहॉर्न या जर्मन पंडिताने तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या नवव्या खंडात प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून ‘बालाघाट ताम्रपट’ हे नाव अभ्यासकांच्या तोंडी रुळले.

हा ताम्रपट अपुरा आहे. वेम्बार नावाच्या ठिकाणाहून राजाज्ञा सुटत आहे, असे त्यात म्हटले आहे. नंतर एकामागून एक पूर्वजांची नावे व पराक्रम येतात, पृथ्वीषेणाचे नाव येते, आणि लेख थांबतो. कोणते गाव दिले, कोणास दिले, राज्याचे कितवे वर्ष होते, यांपैकी एकही गोष्ट कोरलेली नाही. दानपत्रातून दानच गळाले आणि घराण्याची कथा तेवढी मागे राहिली. ती कथाच आज आपल्याला हवी आहे.

या घराण्याचा उदय तिसऱ्या शतकात विंध्यशक्तीपासून झाला. त्याचा पुत्र पहिला प्रवरसेन याने चार अश्वमेध केले. त्याच्या पश्चात राज्य वाटले गेले. एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धन, म्हणजे आजच्या नगरधन, परिसरात राहिली. दुसरी वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम येथे. पृथ्वीषेण हा पहिल्या शाखेतला. त्याच्या खापरपणजोबाचे नावही पृथ्वीषेणच होते.

या कुळातील सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती म्हणजे त्याची पणजी प्रभावतीगुप्ता. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या; तिची आई नागकुळातली कुबेरनागा. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याच्याशी तिचा विवाह झाला. परंतु पती अकाली निवर्तला आणि पुत्र लहान. मग अल्पवयी युवराज दिवाकरसेनाच्या नावाने तिने स्वतः कारभार पाहिला, आणि तोही थोडाथोडका नव्हे, किमान तेरा वर्षे. पुण्यात उजेडात आलेल्या तिच्या ताम्रपटाचा आरंभ वाकाटकांच्या वंशावळीने होत नाही. माहेरच्या गुप्तांच्या वंशावळीने होतो. गोत्रही ती माहेरचेच सांगते. २०१५ नंतर नगरधन येथे जे उत्खनन झाले, त्यात तिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. पंधराशे वर्षांपूर्वी विदर्भातील एका विधवा राणीच्या नावाने राज्यकारभार चालत होता, याचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता हवा?

माहेरचा हा प्रभाव देवघरापर्यंत पोहोचला. वाकाटक मूळचे शिवभक्त. पण रुद्रसेनाला जे वैभव लाभले ते चक्रपाणि विष्णूच्या कृपेने, असे त्याच्याच वंशजांनी ताम्रपटांत म्हटले आहे. गुप्त सम्राट परमभागवत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचे मूळ शोधावयास दूर जावे लागत नाही. त्याचा पुत्र दुसरा प्रवरसेन पुन्हा शिवाकडे वळला. ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य परंपरेने ज्याच्या नावावर आहे, तो हाच प्रवरसेन. त्याच्या नातवाने, म्हणजे आपल्या पृथ्वीषेणाने, पुन्हा परमभागवत हे बिरुद धारण केले.

प्रवरसेनाच्या पाठीमागे त्याचा पुत्र नरेंद्रसेन गादीवर आला. कोसल, मेकल आणि मालव येथील अधिपती त्याची आज्ञा शिरोधार्य मानीत, असे बालाघाटचा ताम्रपट सांगतो. कोसल म्हणजे आजचा छत्तीसगडचा प्रदेश आणि मेकल म्हणजे अमरकंटकचा डोंगराळ मुलूख. या दोन्हींच्या वाटेवर बालाघाट आहे, हे ध्यानात ठेवावे. नरेंद्रसेनाची महादेवी अज्झितभट्टारिका ही कुंतलाधिपतीची कन्या. कुंतल म्हणजे कर्नाटकाकडचा देश. म्हणजे पृथ्वीषेणाची पणजी पाटलिपुत्राच्या सम्राटाघरची आणि आई दक्षिणेतल्या राजाघरची. उत्तर आणि दक्षिण यांच्या मध्ये वसलेल्या या राज्याचे राजकारण विवाहसंबंधांवर किती अवलंबून होते, ते यावरून कळते.

येथवर सारे वैभवाचेच वर्णन झाले. पण प्रशस्ती लिहिणारा कवी कितीही चतुर असला तरी एखादा शब्द त्याला दगा देतो. नरेंद्रसेनाने वंशाची लक्ष्मी हस्तगत केली, अशा अर्थाचे एक विशेषण त्याला लावले आहे. कोणाकडून केली, याविषयी वाचनभेद आहेत. परंतु जी निर्वेध चालत आली ती लक्ष्मी हस्तगत करावी लागत नाही. आणि पृथ्वीषेणाविषयी तर हा ताम्रपट म्हणतो, की दोनदा बुडालेल्या आपल्या वंशाचा त्याने उद्धार केला. दोनदा! हा एक शब्द नसता, तर या राजाचे आयुष्य सुखासमाधानात गेले असे आपण खुशाल लिहिले असते.

हे बुडणे कसले? एका संकटाचा माग लागतो. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे नलवंशी राजा भवदत्तवर्मा याचा ताम्रपट मिळाला आहे, आणि तो सुटला आहे नंदिवर्धनाहून. वाकाटकांच्या राजधानीतून दुसराच राजा गावे दान देत आहे, याचा अर्थ उघड आहे. पुढे त्याच भवदत्ताच्या पुत्राने ओसाड पडलेली पुष्करी नगरी पुन्हा वसविली, असे ओडिशातील पोडागढचा शिलालेख सांगतो. ती नगरी वाकाटकांनीच उद्ध्वस्त केली असावी, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी अनुमान केले आहे. ज्यांनी आपली राजधानी घेतली, त्यांच्या राजधानीपर्यंत पृथ्वीषेणाने त्यांचा पाठलाग केला, असे हे चित्र आहे. दुसरे संकट भाऊबंदांचे, म्हणजे वत्सगुल्म शाखेचे, असेही कित्येकांचे मत आहे. त्या शाखेत याच सुमारास हरिषेण हा प्रबळ राजा झाला. अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे त्याच्याच मंत्र्याने, वराहदेवाने, कोरविले.

पृथ्वीषेणाचे आणखी ताम्रपट नागपूर जिल्ह्यात मांढळ व माहुरझरी येथे मिळाले. त्यांवरून त्याने किमान सतरा वर्षे राज्य केले हे कळते. ते पाहताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. दुसऱ्या वर्षी आज्ञा निघते रामगिरीहून, दहाव्या वर्षी बेण्णा नदीच्या तटाहून, सतराव्या वर्षी पृथिवीसमुद्र नावाच्या ठिकाणाहून. आणि बालाघाटच्या पटात स्थान आहे वेम्बार. बेण्णा म्हणजे आपली वैनगंगा, असे काही अभ्यासक मानतात. राजा एका जागी स्वस्थ बसलेला नाही. गमावलेला मुलूख पुन्हा सांभाळीत फिरणारा हा गृहस्थ दिसतो.

श्रोतेहो, याच सुमारास, इ. स. ४८१ मध्ये, दूर युरोपात फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस गादीवर आला. त्याची राणी क्लोटिल्डा बर्गंडीच्या राजकुळातली होती. तिच्या आग्रहाचा राजाच्या धर्मांतराशी मोठा संबंध होता, असे इतिहासकार तूरचा ग्रेगरी लिहितो. ५११ मध्ये क्लोव्हिस वारला आणि राज्य चार पुत्रांत वाटले गेले. पुढे त्यांतला एक भाऊ लढाईत पडला, तेव्हा त्याच्या दोन अजाण मुलांना सख्ख्या काकांनीच ठार केले. तिसरा मुलगा संन्यास घेऊन वाचला. राज्याची वाटणी, परकुळातून आलेली प्रभावी राणी, तिच्यामागून येणारी देवभक्ती आणि दायादांचे वैर, ही सगळी प्रकरणे दोन्हीकडे आहेत. फरक एवढाच, की क्लोव्हिसच्या कुळाला एक ग्रेगरी मिळाला. त्याने घरातले खूनसुद्धा लिहून ठेवले. आमच्याकडे राजकवीने ‘दोनदा बुडालेला वंश’ एवढे म्हटले आणि तो पुढे गेला. वैनगंगेकाठच्या घरात कोण रडले, कोणाची मुले मारली गेली, कोण रानोमाळ झाले, ते त्या शब्दांखाली मिटून गेले.

आता त्या कोऱ्या राहिलेल्या भागाकडे वळू. तेथे काय यावयाचे होते, ते इतर वाकाटक पटांवरून सांगता येते. अमरावती जिल्ह्यातील चम्मकचा दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट पाहा. एक हजार ब्राह्मणांना गाव दिले, पण अटी घालून: राज्याशी द्रोह करू नये, चोरी व व्यभिचार करू नये, राजाला विष घालू नये, दुसऱ्या गावांशी लढाई करू नये. या अटी मोडल्या तर गाव काढून घेणाऱ्या राजाला चोरीचा दोष नाही. दान देणाऱ्या राजाच्या मनात कोणती भीती होती, ते या कलमांनी उघड होते. बालाघाट जिल्ह्यातच तिरोडी येथे याच प्रवरसेनाचा तेविसाव्या वर्षाचा पूर्ण ताम्रपट मिळाला आहे. त्यातले कोसंबखंड गाव कोणते, याचा शोधही अभ्यासकांनी घेतला आहे. आजोबांचे दान पुरे झाले. नातवाचे अर्धे राहिले. ते का राहिले, हे तांबे सांगत नाही. त्याच्यामागून या शाखेत कोणी राजा झाल्याचा लेखही आजवर मिळालेला नाही.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. वाकाटकांचे ताम्रपट मात्र या सीमेच्या दोन्ही अंगांना सापडतात: इकडे शिवनी, छिंदवाडा, बैतूल, बालाघाट, तिकडे नागपूर, वर्धा, अमरावती. यांतला एकही पट एकटा वाचून भागत नाही. तिरोडीचा पट चम्मकशी ताडून पाहावा लागतो, मांढळचा बालाघाटशी. शेत नांगरताना, विहीर खणताना कोणाला असा पत्रा मिळाला, तर तो तांब्याच्या भावाने मोडीत न घालता पुरातत्त्व खात्याकडे पोहोचता करावा. पृथ्वीषेणाला पुत्र होता की नाही, आणि वेम्बारला त्या दिवशी कोरणाराचा हात का थांबला, याचे उत्तर मिळाले तर अशाच एखाद्या पत्र्यावर मिळेल.