चाकाआडचें काळें तेल

श्रोतेहो, मी व्यवसायानें शिक्षक; मिस्त्री नव्हे. यंत्रशास्त्र मी कोठें शिकलों नाहीं. परंतु नोकरीच्या काळांत एका जुन्या जीपगाडीनें मला जो धडा दिला, तो आज आपणांस सांगण्याचें योजिलें आहे. ज्यांच्या दारांत मोटार उभी असते त्यांस तो उपयोगी पडावा.

महिंद्र कंपनीनें मुंबईस जीपगाड्या जोडण्यास प्रारंभ केला. पुढें त्या गाड्या आमच्या निलंगा तालुक्यासारख्या काळ्या, चिकण मातीच्या मुलखांत घरोघरच्या झाल्या. कारण पावसाळ्यांत जेथें इतर वाहनांचें चाक रुततें, तेथून ही गाडी वाट काढते. आमच्या घरींही अशीच एक गाडी होती.

2003 च्या पावसाळ्यांत तिच्या मागच्या डाव्या चाकाच्या आंतल्या अंगास काळा ओघळ दिसूं लागला. मिस्त्र्यानें सील बदललें. पंधरा दिवसांनीं ओघळ पुनः आला. पुनः सील बदललें. तिसऱ्या खेपेसही तेंच झालें. मग मीं नाद सोडला, व रोज सकाळीं फडक्यानें चाक पुसूं लागलों. एके दिवशीं शाळेचीं आठ मुलें वक्तृत्वस्पर्धेस नेत असतां ओढ्याच्या उतारावर समोर बैलगाडी आली. ब्रेक दाबतांच गाडी उजवीकडे ओढली गेली, आणि बैलांपासून दोन हातांवर कशीबशी थांबली. मुलें हंसलीं, माझे मात्र हातपाय कांपत होते. तेल चाकाच्या ड्रमांत शिरून डाव्या बाजूचे ब्रेक भिजले होते. तें चाक धरीतच नव्हतें.

हें तेल येतें कोठून? मागच्या दोन चाकांमध्यें जी लोखंडी नळी असते, तिच्या पोटांत दांतेरी चक्रें तेलांत फिरत असतात. तेथून दोन्हीं बाजूंस एकेक दांडा, म्हणजे ॲक्सल, चाकापर्यंत जातो. दांडा फिरावा, पण तेल बाहेर येऊं नये, म्हणून टोंकाशीं रबराचें कडें बसवितात, तेंच सील. त्याची पातळ ओठाळी बारीक स्प्रिंगेच्या साह्यानें दांड्यास बिलगून राहते. पूर्वी अशीं सीलें चामड्याचीं असत. पुढें कृत्रिम रबराचीं झालीं.

ओघळ दिसला म्हणजे तो कशाचा आहे हें प्रथम ओळखावें. गिअरचें तेल दाट, चिकट व गंधकासारख्या उग्र वासाचें असतें. ब्रेकचें तेल पातळ असतें. त्याचा थेंब पाण्यांत टाकला असतां मिसळून जातो, गिअरच्या तेलाचा मात्र वर तरंगतो. ब्रेकचें तेल गळत असेल, तर विकार वेगळा व उपायही वेगळा.

अखेर मी गाडी एका वृद्ध मिस्त्र्याकडे नेली. त्यांनीं हत्याराला हात लावण्यापूर्वी विचारलें, “गुरुजी, सील कितींदा बदललं ते सांगितलं, गळतंय कशापायी, ते कुणी पाह्यलं का?” मजजवळ उत्तर नव्हतें. गाडीखाली शिरून त्यांनीं त्या नळीच्या माथ्यावरील एक बोटभर तोटी दाखविली. तिला ब्रीदर म्हणतात. शेतरस्त्याच्या चिखलानें ती पार बुजली होती. तारेनें माती खरडतांच आंतून फुस्स असा आवाज निघाला. “आतली हवा तापून फुगती. तिला वाट नसली, की ती तेलाला सीलातून बाहेर ढकलती. नवं सील घालून काय व्हतंय?”

गळतीचीं आणखी तीन कारणें त्यांनीं सांगितलीं. तेल प्रमाणाबाहेर भरलेलें असणें. बेअरिंग झिजून दांडा डुलूं लागणें. किंवा ओठाळी बसते तेथें दांड्यावर चरा पडणें. हीं तिन्हीं तपासल्यावांचून सील बदलूं नये.

दुरुस्तीचा क्रम असा. सपाट जागीं पुढच्या चाकांस दगड लावावे. नुसत्या जॅकवर विसंबूं नये. भक्कम घोडीवर गाडी टेकवावी. चाक काढल्यावर आमच्या जीपेचें हब पुलरनेंच निघतें. घणाचे घाव घालूं नयेत. पाठीमागें पातळ पत्र्याच्या चकत्या असतात; त्या जशा निघतील तशाच परत बसवाव्या. नव्या सीलाच्या ओठाळीस थोडें तेल लावून स्प्रिंगेची बाजू आंत, तेलाकडे, ठेवावी व सील सर्व बाजूंनीं सारखें ठोकीत बसवावें. तिरपें बसलेलें सील पहिल्याच दिवशीं गळतें. तेलानें भिजलेले ब्रेकचे लायनर धुऊन वापरूं नयेत, नवे घालावे. आणि तेही दोन्हीं चाकांस, म्हणजे पकड सारखी राहते. ड्रमांतील धूळ तोंडानें फुंकूं नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असतें व तें फुप्फुसास घातक आहे. शेवटीं तेल भरण्याच्या भोंकाच्या खालच्या कडेपर्यंतच तेल भरावें.

हें सारें केल्यावर, आम्हीं ती गाडी विकली तोंपर्यंत, तें चाक कोरडें राहिलें.

माझ्या वर्गांत एक मुलगा रोज उशिरा येई. मीं त्याला तीनदां शिक्षा केली, आणि चौथ्या वेळीं विचारलें, तेव्हां कळलें कीं तो पहांटे उठून दोन कोसांवरून दूध घालून येत असे. त्या मिस्त्र्याच्या अंगणांत मला तो मुलगा आठवला. सीलाच्या बाबतींतही मी तीनदां तेंच केलें होतें.

तेव्हां श्रोतेहो, उद्यां सकाळीं आपल्या गाडीच्या मागच्या चाकांमागें एकदां वांकून पाहा. तेथें काळा ओघळ असेल, तर तो पुसून टाकूं नका. आणि मिस्त्र्याकडे गेलां, तर सीलाची किंमत विचारण्यापूर्वी ब्रीदर मोकळा आहे कीं नाहीं, हें विचारा.