फोटो मोठा केला की चेहरा पुसट का होतो?



मी सातवी शिकलेली; व्याख्यान देणारी नव्हे. पण आपल्या कान्हेरीच्या सहलीचा फोटो मोठा करून आणला, तर त्यात काकू ओळखूच येईनात. आज काकू नाहीत आणि त्यांचा दुसरा फोटोही नाही. म्हणून फोटोवाल्याला खोदून खोदून विचारले.

जुन्या कॅमेऱ्यात फिल्मवर चित्र 36 मिलिमीटर रुंद उमटे. लहान डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी टिकली, म्हणजे सेन्सर, बहुधा 6 मिलिमीटरच रुंद. 12 इंच रुंद फोटो करायचा तर फिल्मवरून साडेआठपट वाढवावे लागते, टिकलीवरून 50 पट! भिंगातून उतरणारा प्रत्येक बिंदू किंचित पसरतोच. तो पसारासुद्धा 50 पट होतो. इंचभर जागेत एकवीस ठिपक्यांची रांगोळी काढून पाहा, म्हणजे कळेल. त्यातून आपण वीसजणी एका रांगेत. एकीचा चेहरा त्या टिकलीवर मोहरीहूनही लहान.

शिवाय 3 क्रमांकाच्या चैत्यगृहातला अंधार. लहान टिकलीला प्रकाश थोडा मिळतो, मग चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. कॅमेरा ते आपणहून पुसतो आणि त्याबरोबर सुरकुत्या, पापण्याही पुसल्या जातात. दुकानदार मेगापिक्सेलचा आकडा मोठ्याने सांगतो, टिकलीचे माप कोणी सांगत नाही.

तेव्हा यंदा प्रत्येकीचा निराळा फोटो काढू या, गच्चीवर, भरपूर उजेडात, जवळून. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो मोठा करायला देऊ नका. पाठवताना तो बारीक होतो. ज्या फोनमध्ये काढला, त्यातलाच मूळ फोटो फोटोवाल्याला द्या.