जाणत्याची पंगत

मागच्या मायमाउल्यांनो, पुढं सरकून घ्या, जागा आहे.

काल एका मास्तरांनी विचारलं, "महाराज, शिकल्यासवरल्या माणसानं समाजासाठी करायचं तरी काय?" मी म्हटलं, मास्तर, पंढरीला महाद्वारात उभे राहा. नामदेवरायांची पायरी आणि समोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला भिंतीखाली चोखोबांचा देह गेला, समाधी मात्र देवाच्या दाराशी झाली. पण त्यांच्या लेकरांना सहाशे वर्षं तिथंच थांबावं लागलं. दार समोर, देव आत, आणि हे बाहेर.

त्या सहाशे वर्षांत विद्वान नव्हते का हो? ढिगानं होते! सर्वांभूती एकच देव, हे त्यांना पाठ होतं. चोखोबांची कथा सांगून लोकांना रडवणारेही होते. मग दार बंदच कसं राहिलं?

साने गुरुजी एम. ए. झालेले. अमळनेरला सहा वर्षं मास्तर होते, छात्रालयातल्या पोरांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे. नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. नाव झालं होतं, नुसते लिहीत बसले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण हा माणूस आधी महाराष्ट्रभर फिरला, लोकांना विनवलं, आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसला. जे पुस्तकातून कळलं होतं, ते पोटावर घेतलं. बसायला मठ कुणी दिला? तनपुरे महाराजांनी. वारकऱ्यानं दिला बरं का, हे विसरू नका. त्याच महिन्यात दार उघडायचं ठरलं आणि उपोषण सुटलं.

आता माझं ऐका. गुरुजींची कथा मी फार रंगवून सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका गावात सप्त्याला हीच सांगितली. काल्याच्या दिवशी बघतो, तर एका वस्तीची पंगत वेगळी, देवळामागं. मला दिसलं. कळलं. आणि मी जेवलो! म्हटलं, पाहुण्यानं कशाला बोलावं, पुढच्या वर्षीचं बोलावणं जायचं. नारळ घेतला, बिदागी घेतली, गाडीत बसलो. तो घास अजून गिळला गेला नाही, माउली.

मास्तर, तुम्ही मला विचारलंत, पण तुमच्या प्रश्नानं रात्रभर झोप नाही मला.

औंदा त्याच गावचं बोलावणं आलंय. मी जाणार आहे. कीर्तनाआधीच सांगणार, माझं पान देवळामागं वाढा. नाही वाढलं तर उपाशी परत येईन.

विठ्ठल विठ्ठल विठ्ठल.