सुधारणा विधेयक आणि दुरुस्तीची मर्यादा



१९०१ च्या ऑगस्टमध्ये मुंबई कायदेमंडळाची बैठक याच पुणे शहरात भरली होती. चर्चा होती जमीन महसूल संहितेत बदल करणाऱ्या विधेयकाची. सारा थकून सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क काढून घेण्याची मुभा त्यातून सरकारला मिळणार होती. फिरोजशहा मेहता यांनी दुरुस्ती मांडली. ती कोणत्याही खंडातील शब्दांना नव्हती. विधेयक अधिक मते मागविण्यासाठी पाठवावे, एवढीच तिची मागणी होती. ती फेटाळली जाताच मेहता, गोपाळ कृष्ण गोखले आणि काही सहकारी सभात्याग करून गेले.

विधेयकाच्या तत्त्वालाच विरोध असेल तर तो या विचाराच्या अवस्थेतच नोंदवावयाचा असतो. खंडवार चर्चा सुरू झाली की क्षेत्र आकुंचित होते. लोकसभेच्या नियम ८० प्रमाणे दुरुस्ती विधेयकाच्या व्याप्तीतील आणि संबंधित खंडाच्या विषयाशी सुसंगत असावी लागते. जुन्या अधिनियमात बदल करणाऱ्या विधेयकाच्या बाबतीत हे बंधन अधिकच जाणवते, कारण विधेयकाने न उघडलेल्या कलमांना सहसा हात लावता येत नाही. आपल्या ग्रामपंचायत अधिनियमाचेच उदाहरण घेऊ. विधेयक केवळ कलम ३५, म्हणजे अविश्वास ठरावाची तरतूद, बदलणारे असेल, तर कलम १२४ खालील करांत सवलत मागणारी दुरुस्ती, कितीही न्याय्य असली तरी, या तत्त्वात बसणार नाही.

यात सदस्यांची कुचंबणा होते, हे खरे. परंतु ज्याला सभागृहात बोलता येत नाही, त्याचे संरक्षणही यातच आहे. प्रसिद्ध झालेल्या विधेयकात करांचा उल्लेखच नसताना सरपंचाने त्याबाबत मत कळवावे तरी कसे?

मात्र सभागृह हा नियम बहुमताने स्थगित करू शकते. मार्च २०१७ मध्ये वित्त विधेयकाच्या वेळी लोकसभेने तसे केले आणि न्यायाधिकरणांची पुनर्रचना करणाऱ्या सरकारी दुरुस्त्या त्यात समाविष्ट झाल्या. विरोधी सदस्याला असे बहुमत क्वचितच लाभते. ही विषमता मला नियमाच्या काटेकोरपणापेक्षा अधिक खटकते.

तेव्हा पंचायतींनी आपली मागणी मसुदा तयार होत असतानाच ग्रामविकास विभागाकडे व आमदारांकडे पाठवावी. विधेयक प्रसिद्ध झाल्यावर त्यात कोणती कलमे उघडली आहेत, ते प्रथम पाहावे. आपले कलम त्यात नसेल, तर दुरुस्तीऐवजी स्वतंत्र विधेयकाचा आग्रह धरणेच इष्ट होय.