छोट्या आगगाडीचे वाढते भाडे
(मंडळाच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत अनेक विषय झाले. खेळण्यातल्या आगगाडीवर बोलणारा बहुधा मीच पहिला. विषय ऐकून कार्यवाहांनी "किती मिनिटे?" एवढेच विचारले, यातच सारे आले.

माझ्या संग्रही बावीस इंजिने आहेत. सर्वांत जुन्यावर इंग्लंडची मुद्रा आहे, बहुतेक इतरांवर चीनची. माझा विषय या दोन मुद्रांमधला आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी 1920 मध्ये आगगाड्या काढल्या. पुढे ते नाव ज्या कंपनीकडे गेले, तिचा कारखाना केंट परगण्यात मार्गेट येथे होता. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील उत्पादन चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात हलविण्यात आले. मजुरी स्वस्त, म्हणून बारीक कामही परवडू लागले. पूर्वी साच्यातच उमटणारी कठड्याची दांडी आता तारेची, निराळी, हाताने बसविलेली येऊ लागली. आम्हा संग्राहकांच्या नजरेला त्याची चटक लागली.

पुढे चीनमधील मजुरी वर्षानुवर्षे वाढत गेली. 2005 नंतर युआनही वधारला. त्या दांड्या बसविणाऱ्या मुलींचे पगार वाढले, याबद्दल दर सहामाहीस महागाई भत्त्याची वाट पाहणाऱ्या मी तक्रार करणे शोभत नाही. परंतु परिणाम व्हायचा तो झालाच. शिवाय हॉर्नबीचा माल बनविणारा सांडा कान हा कारखाना 2008 च्या अखेरीस कादर समूहाने घेतला. प्रतिस्पर्धी बाखमान कंपनी त्याच समूहाची! हॉर्नबीला पुरवठ्याची ओढाताण सोसून दुसरे कारखाने शोधावे लागले.

खरी मेख साच्यात आहे. समजा, एका इंजिनाच्या साच्यांना एक कोटी रुपये लागले. दहा हजार इंजिने खपली तर प्रत्येकावर हजार रुपयांचा भार. दोनच हजार खपली तर पाच हजारांचा. मजुरीमुळे किंमत चढली की गिऱ्हाईक गळते, गिऱ्हाईक गळले की तुकडी लहान होते, आणि लहान तुकडीत प्रत्येक नग आणखी महाग पडतो. मोठ्या कारखान्यांनाही अशा किरकोळ कामाची मातब्बरी वाटत नाही. जर्मनीच्या मेर्कलिनने चीनमधले काही काम परत युरोपात नेले, पण स्वस्ताई काही परतली नाही.

आपल्याकडे त्यावर जकात. खेळण्यांवरील सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर आणि 2023 मध्ये 70 वर गेले. देशी कारागिराला संरक्षण हवे, हे मला मान्य आहे. ज्या सरकारचे मीठ खातो त्याच्या जकातीवर बोलायचे तरी कसे? मात्र वाफेच्या इंजिनाची अशी बारीक प्रतिकृती येथे मला अद्याप कोणत्याही दुकानात मिळालेली नाही.

एका इंजिनासाठी मी आगाऊ पैसे भरले होते. ते दोन वर्षांनी आले, तेव्हा चाकाची जोडदांडी निखळलेली. बदली मागितली, तर ती तुकडी संपली होती. शेवटी घरीच, सौभाग्यवतींच्या शिवणाच्या सुईने, तीन रविवार खर्चून ती बसविली.

माझे भागेल. चार वर्षांनी निवृत्ती आहे. आहे तेच पुसत बसेन. काळजी वाटते ती आपल्या मंडळातल्या एका सातवीतल्या मुलाची. त्याने मागे मला विचारले, "काका, सुरुवातीला किती पैसे लागतात?" मी खरा आकडा सांगितला. तो "बरं" म्हणाला आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. तो आकडा मी चुकीचा सांगायला हवा होता का, हे मला अजून ठरविता आलेले नाही. गेल्या महिन्यात माझे जुने इंग्लिश इंजिन आणि सहा फूट रूळ मी त्याच्या घरी पोचविले.

आज तो येथे आला आहे. मागच्या मेजावर त्यानेच रूळ मांडले आहेत. चहा होईपर्यंत गाडी चालू राहील; मुलांना कृपया पुढे उभे राहू द्यावे.