गुन्ह्याची वाट कोठें सुटते ?

‘मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात’ ही म्हण महाराष्ट्रांत घरोघर कौतुकानें उच्चारली जाते. पण शेजारचा एखादा मुलगा चोरी करतांना सांपडला, कीं तीच म्हण निकालपत्राप्रमाणें वाचली जाते : हा असाच निघणार होता, आणि पुढेंहि असाच राहणार. या निकालाच्या पूर्वार्धांत थोडेंफार तथ्य आहे. उत्तरार्ध मात्र अनुभवाच्या कसोटीस उतरत नाहीं.

सन १८३१ मध्यें अडॉल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञानें फ्रान्समधील न्यायालयांचे आंकडे आरोपींच्या वयाप्रमाणें मांडून पाहिले. गुन्ह्याकडील प्रवृत्ति तरुण वयांत झपाट्यानें चढते, पंचविशीच्या सुमारास शिखरास पोहोंचते आणि मग उतरत जाते, असें त्यास आढळलें. पुढें अनेक देशांत असाच चढउतार दिसून आला. तेव्हां प्रश्न दोन आहेत. मूल या वाटेला लागतें कां, हा पहिला. आणि लागलेल्यांपैकीं बहुतेकजण ती वाट सोडतात कां, हा दुसरा. पहिल्यावर विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें. दुसऱ्याकडे त्यांचें लक्ष फार उशिरां गेलें.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे शेल्डन ग्लूक व त्यांच्या पत्नी एलिनोर यांनीं सुधारगृहांत धाडलेले ५०० मुलगे अभ्यासासाठीं निवडले, आणि त्यांच्या जोडीला बॉस्टन शहरांतील शाळांमधून सरळ वळणाचे ५०० मुलगे घेतले. वय, बुद्धि, वंश आणि वस्ती यांत प्रत्येक जोडी शक्य तों सारखी ठेविली होती. १९५० मध्यें या अभ्यासाचा ग्रंथ निघाला. दरिद्री वस्ती दोघांच्याहि वांट्याला आलेली असल्यामुळें फरक दुसरीकडे शोधणें भाग होतें. तो मुख्यतः घरांत सांपडला : आज बेदम मार आणि उद्यां पूर्ण दुर्लक्ष अशी शिस्त, मुलगा दिवसभर कोठें असतो याची चौकशी नसणें, आईबाप व मुलगा यांच्यांत मायेचा ओलावा नसणें. अशा मुलाचें पुढचें पाऊल शाळा बुडविण्याचें, आणि मग तशाच सोबत्यांत दिवस काढण्याचें.

परंतु सर्वांची सुरुवात इतकी खोल नसते. न्यूझीलंडमधील डुनेडिन शहरीं १९७२–७३ सालीं जन्मलेल्या १,०३७ मुलांच्या आयुष्याची नोंद लहानपणापासून ठेवण्यांत आली. त्या पाहणींतील मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनीं १९९३ मध्यें दोन प्रकार वेगळे करून दाखविले. थोड्यांचें वर्तन अगदीं बालपणापासून बिघडलेलें असतें. बहुसंख्यांचें मात्र पौगंडावस्थेपुरतेंच बिघडतें. शरीरानें मुलगा पुरुष झालेला असतो, पण कमाई, अधिकार व स्वतःचें घर हीं अद्याप लांब असतात. त्या मधल्या काळांत मोठेपण मिरविण्याचा सोपा मार्ग म्हणून तो धीट सोबत्याचें अनुकरण करतो. खरें मोठेपण हातीं आलें, कीं तें मिरविण्याची गरज उरत नाहीं.

मग ज्यांची सुरुवात घरांतच बिघडली, त्यांचें काय झालें ? ग्लूक दांपत्यानें आपल्या मुलांचा माग ३२ व्या वर्षापर्यंत ठेविला होता. नंतर ते कागद खोक्यांत भरून हार्वर्डच्या कायद्याच्या ग्रंथालयांतील तळघरांत पडून राहिले. १९८० नंतरच्या दशकांत जॉन लॉब व रॉबर्ट सॅम्प्सन यांनीं ते बाहेर काढले, त्या ५०० जणांची हकीकत सत्तरीपर्यंत नेली, आणि ५२ जणांना समक्ष गांठून बोलतें केलें. त्यांना असें दिसलें, कीं आज ना उद्यां जवळजवळ सर्वच थांबतात. पण कोण केव्हां थांबेल, हें बालपणाच्या लक्षणांवरून सांगतां येत नाहीं.

थांबण्यास कारण झालेल्या गोष्टी साध्या होत्या : प्रेमानें बांधून ठेवणारी पत्नी, टिकाऊ नोकरी, सैन्यांतील चाकरी. कित्येकांनीं सुधारण्याचा मोठा निश्चय असा केलाच नव्हता. सकाळीं कामावर जायचें, संध्याकाळीं घरीं परतायचें, उशीर झाला तर विचारणारें कोणी आहे, आणि गमावण्यासारखें कांहीं आहे, एवढ्यानेंच जुने सोबती मागें पडले. याच्या उलट, तरुणपणीं दीर्घकाळ तुरुंगांत काढलेल्यांना पुढें स्थिर नोकरी मिळणें कठीण गेलें, आणि त्यामुळें जुनी वाट सुटणेंहि लांबलें. याचा अर्थ शिक्षा नको असा नव्हे. ज्याचें घर फुटलें त्यास न्याय मिळालाच पाहिजे. मात्र शिक्षा देतांना थांबण्याचे मार्गच बुजविले, तर उद्यां दुसऱ्याचें घर फुटेल.

मुंबईस हा विचार नवा नाहीं. डेव्हिड ससून यांच्या नांवाची सुधारशाळा तेथें १८५७ मध्यें निघाली, आणि मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ मध्यें झाला. भारताच्या २०१५ च्या कायद्यानें १६ ते १८ वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर प्राथमिक परीक्षणानंतर प्रौढाप्रमाणें खटला चालविण्याची वाट मोकळी केली. त्याच कायद्यांत, इतर मुलांस दोषी ठरल्यामुळें पुढील आयुष्यांत अपात्रता येऊं नये, आणि १८ वर्षें पूर्ण करून संस्थेबाहेर पडणाऱ्यास आर्थिक साहाय्य देतां यावें, अशीहि तरतूद आहे.

कायदा अपात्रता पुसूं शकतो, पण नोकरीचें दार त्याच्या हातीं नाहीं. तें दुकानदाराच्या, कारखानदाराच्या आणि भाड्यानें खोली देणाऱ्या गृहस्थाच्या हातीं आहे. संस्थेंतून आलेल्या मुलास ठरलेल्या वेळेचें काम देणारा, आणि तो एके दिवशीं आला नाहीं तर कां आला नाहीं याची विचारपूस करणारा मनुष्य, तीच वेसण व तोच आधार त्यास पुरवितो, जो त्या बॉस्टनच्या मुलांना संसारांत आणि कामांत मिळाला.